प्राणवायू, काचेची पेटी आणि बाळाचे डोळे

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे तपासून घ्या म्हटलं की घरचे बुचकळ्यात पडतात. बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, मग डोळ्यांना काय झालं? यामागचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा.

1942 साली बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनी अशा बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा दिसतो, हे प्रथम लिहिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे 10,000 मुलं आंधळी झाली. विचित्र गोष्ट अशी, की आजार जास्त होता तो सुसज्ज रुग्णालयांत! 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी दाखवलं, की जिथे प्राणवायू हात राखून देतात तिथे हा आजार कमी आहे.

वॉशिंग्टनमध्ये डॉ. आर्नल पॅट्झ यांनी काही बाळांना कमी प्राणवायू देऊन पाहायचं ठरवलं. तेव्हा काही नर्सेस रात्री गुपचूप त्याच बाळांचा प्राणवायू वाढवत. त्यांना दोष कसा देणार? आपण जीव वाचवतोय, असंच त्यांना वाटत होतं. अखेर 1954 मध्ये अमेरिकेतल्या 18 रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासातून अतिरिक्त प्राणवायूचा दोष सिद्ध झाला.

दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या पोटात असतानाच हळूहळू कडेपर्यंत वाढतात. ते काम नऊ महिने भरताना संपतं. बाळ आधीच जन्मलं आणि प्राणवायू जास्त झाला की ही वाढ थांबते. मग उपाशी राहिलेल्या भागाकडे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्या दृष्टिपटल ओढून सोडवतात.

मग प्राणवायू सरसकट कमी केला गेला. अंधत्व घटलं, पण बाळं दगावू लागली. एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे 16 बाळं गेली असावीत, असा अंदाज 1973 मध्ये डॉ. केनेथ क्रॉस यांनी मांडला. म्हणून 'प्राणवायू देऊच नका' असा हट्ट कृपया धरू नका. आज बोटाला किंवा पावलाला सेन्सर लावून तो मोजून देतात.

प्राणवायू हे एकच कारण नाही. दिवस जितके कमी आणि वजन जितकं कमी, तितका धोका जास्त. जंतुसंसर्ग, रक्त चढवावं लागणं, सुरुवातीला वजन न वाढणं यांनीही तो वाढतो. आपल्याकडे थोड्या मोठ्या बाळांनाही हा आजार होतो. त्यामुळे 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. डोळे बाहेरून अगदी छान दिसतात, त्यावर जाऊ नका. वेळेत सापडलं तर लेझरने बहुतेकांची दृष्टी वाचते, पण त्यासाठी हातात दोन-तीन दिवसच असतात.

डिस्चार्ज कार्डवर डोळ्यांच्या तपासणीची तारीख नसेल तर घरी निघण्याआधी विचारून लिहून घ्या. पहिली तपासणी नॉर्मल आली तरी रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा बोलावतात, तेव्हाही जा.