वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा आठवडे: काय खावं, किती खावं आणि कधी सावध व्हावं?

2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली. मार्च 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. या दोन घटनांमुळे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया महाराष्ट्रात घरोघरी चर्चेत आली. चर्चा बहुतेक वेळा 'किती किलो घटले' एवढ्यावरच थांबते. ऑपरेशननंतर घरी आलेल्या माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: आज जेवायचं काय?

शहरात राहणाऱ्याला आहारतज्ज्ञ जवळ असतात. अलिबागच्या दक्षिणेला सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या काशीदसारख्या गावातला रुग्ण मुंबईत ऑपरेशन करून परतला, तर त्याच्यासमोर असतं ते घरचं ताट: भात, माशाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. यातलं काय कधी चालेल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पोटात नेमका काय बदल होतो?

'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरलेली नळी केळ्याच्या आकाराची असते आणि तिच्यात साधारण 100 ते 150 मिलिलीटर मावतं. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची जेमतेम 30 मिलिलीटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

दोन्हींमध्ये आत टाके किंवा स्टेपलची लांब रेघ असते. ती भरून येईपर्यंत तिच्यावर ताण येऊ द्यायचा नाही, म्हणूनच पातळापासून घट्टाकडे टप्प्याटप्प्याने जायचं असतं. भूक लागत नाही किंवा बरं वाटतंय म्हणून टप्पा ओलांडणं धोक्याचं ठरू शकतं.

आहाराचे टप्पे कोणते?

प्रत्येक हॉस्पिटलचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रकच अंतिम मानावं. सर्वसाधारण क्रम असा असतो:

- पहिले एक-दोन दिवस: पाणी, गाळलेलं सूप, पातळ ताक. सगळं घोट घोट.
- साधारण दोन आठवड्यांपर्यंत: गाळलेले पातळ पदार्थ. साय काढलेलं दूध, ताक, डाळीचं गाळलेलं कढण, प्रोटीन पावडर घातलेलं पेय.
- तिसरा-चौथा आठवडा: मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं अन्न. घोटलेली मुगाची डाळ, दही, कुस्करलेलं मऊ पनीर, वाटून घेतलेला उकडलेला मासा.
- पाचवा-सहावा आठवडा: काट्याने सहज तुटेल असं मऊ अन्न. अंडं, वाफवलेला मासा, शिजवलेली दुधी किंवा भोपळा.
- त्यानंतर: नेहमीचं जेवण, पण लहान प्रमाणात आणि एका वेळी एकच नवा पदार्थ.

पेज आणि वरणाचं पाणी पुरेसं आहे का?

आजाऱ्याला पेज द्यायची ही कोकणातली जुनी रीत. पेज पोटाला सोसते, पण तिच्यात मुख्यतः पिष्टमय पदार्थ आणि पाणी असतं. वरणाच्या वरच्या पाण्यातही प्रथिनं फारच कमी असतात. ऑपरेशननंतर दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य दिलं जातं. ती मिळाली नाहीत, तर जखम भरायला वेळ लागतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, तर एक पेला दुधात 6 ते 7 ग्रॅम प्रथिनं असतात. पोटात एका वेळी चार-पाच चमचेच मावत असताना फक्त घरच्या अन्नातून 60 ग्रॅम गाठणं अवघड जातं. म्हणून पहिल्या आठवड्यांत प्रोटीन पावडर दिली जाते. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरली तरच भात, हा क्रम पुढेही कायम ठेवायचा असतो.

मासे कधी आणि कोणते?

मासा हा या काळातला उत्तम पदार्थ आहे. पापलेट, रावस किंवा सुरमईच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं असतात आणि मांस मऊ असतं. सुरुवातीला काटे नीट काढून, कमी तेल-तिखटात वाफवून, वाटून घ्यावा. ओला बोंबील मऊ खरा, पण त्यात पाणीच जास्त, त्यामुळे प्रथिनं कमी मिळतात. कोळंबी आणि तिसऱ्या चिवट असतात. सुके मासे कडक आणि खारट असतात. हे सगळं नंतरच्या टप्प्यासाठी ठेवावं. तळलेली तुकडी सहा आठवडे तरी नकोच.

सोलकढीत नारळाचं दूध असल्याने स्निग्धांश बराच असतो. सुरुवातीला आगळाचं बिनसाखरेचं, बिनमिरचीचं पातळ पाणी बरं. भाकरी, पोळी, पाव आणि चिकट भात यांचा पोटात गोळा होऊन अडकल्यासारखं वाटू शकतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

पाणी कसं प्यायचं?

दिवसाला दीड ते दोन लिटर, पण गटागट नाही. घोट घोट, दिवसभर. जेवताना पाणी नको, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास अंतर ठेवावं. सोडा, कोल्डड्रिंक आणि स्ट्रॉ टाळावेत, कारण त्यांनी पोटात हवा भरते. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात घाम जास्त जातो, त्यामुळे लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय असं समजावं.

गोड सरबत, उसाचा रस किंवा मिठाई घेतल्यावर 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला 'डम्पिंग' म्हणतात आणि बायपासनंतर हा त्रास जास्त दिसतो.

गोळ्या आणि औषधांचं काय?

मल्टिव्हिटॅमिन, बी 12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे घ्यावं लागतं, बायपासनंतर तर आयुष्यभर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवावं.

मधुमेह असेल तर साखर झपाट्याने उतरते. जुन्याच प्रमाणात इन्सुलिन किंवा गोळ्या घेत राहिल्यास ती धोकादायकरीत्या कमी होऊ शकते, म्हणून डोस आधीच ठरवून घ्यावा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत, त्यांनी अल्सर होऊ शकतो. तंबाखू, मशेरी आणि सिगारेटही त्याच कारणाने बंद.

चालणं, काम आणि समुद्र

ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. घरी आल्यावरही दिवसातून अनेकदा थोडं थोडं चालावं. मात्र काशीदच्या भुसभुशीत वाळूपेक्षा सपाट रस्ता बरा. पाण्याने भरलेली कळशी, नारळाचं पोतं असं वजन चार ते सहा आठवडे उचलू नये. जखमा पूर्ण भरेपर्यंत समुद्रात किंवा पोहण्याच्या तलावात उतरू नये.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावं?

- आराम करतानाही नाडी 120 च्या वर राहणं
- 100.4 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप
- वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, धाप लागणं
- एका पिंडरीला सूज आणि दुखणं
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी
- पाण्याचा घोटही न टिकणं

टाक्यांतून गळती सुरू झाली, तर कधी कधी पोट फारसं दुखत नाही, फक्त नाडी जोरात चालते. त्यामुळे 'पित्त झालं असेल' म्हणून थांबू नये. उलट्या सलग काही दिवस चालल्या, तर बी 1 जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आहेत.

काशीदहून मुंबईला पोचायला काही तास लागतात. म्हणून घरी परतण्याआधीच तीन गोष्टी ठरवाव्यात: शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमचा 24 तास चालू असणारा नंबर, रात्री-अपरात्री मिळेल अशी गाडी आणि जवळचं मोठं हॉस्पिटल. डिस्चार्ज कार्ड कपाटात न ठेवता हाताशी ठेवावं. तिथल्या डॉक्टरांना कोणतं ऑपरेशन झालं आणि कधी झालं, हे सगळ्यात आधी कळायला हवं.