सोन्याशीही न बदलण्याजोगी मुळी

जखमेतून वाहणारे रक्त थांबविणे हा वैद्यकाचा बहुधा सर्वांत जुना उद्योग असावा. आपल्याकडे बोट कापले की हळद दाबतात. चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात एका मुळीची पूड लावतात. तिचे नाव सान-ची. ही जिनसेंगच्या कुळातली. वेन्शानच्या डोंगराळ मुलखात तिची सावलीत लागवड करतात आणि ती काढण्याजोगी होण्यास निदान तीन वर्षे लागतात. चिनी औषधींचा महान संग्राहक ली शिझेन याने १५७८ साली पूर्ण केलेल्या 'बेनत्साओ गांगमू' या ग्रंथात तिची नोंद केली आहे. दक्षिणेकडील सैन्यात शस्त्रांच्या जखमांवर हिचा मोठा लौकिक आहे, असे तो सांगतो. 'सोन्याशीही न बदलण्याजोगी' हे तिचे दुसरे नावही देतो.

परंतु श्रोतेहो, रक्त थांबले म्हणजे काम संपले असे चिनी वैद्य मानीत नसत, आणि माझ्या मते त्यांच्या विचारातील खरे मर्म येथेच आहे. सिचुआन प्रांतातील तांग झोंगहाय या वैद्याच्या वडिलांना रक्तस्रावाचा विकार जडला. उपाय सापडावा म्हणून मुलाने ग्रंथ धुंडाळले, आणि त्या खटाटोपातून १८८४ साली रक्तविकारांवर एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध झाला. आधी स्राव थांबवावा, मग साकळलेले रक्त हटवावे, नंतर रक्ताला स्थैर्य द्यावे आणि अखेरीस झीज भरून काढावी, असा त्याचा क्रम. नुसता बांध घालून भागत नाही, बांधामागे साचलेला गाळही काढावा लागतो. सान-ची रक्त थांबविते आणि तरीही ते साकळू देत नाही, अशी तिची ख्याती होती. एकाच मुळीत हे परस्परविरुद्ध गुण कसे नांदावेत?

ते कोडे सुटण्यापूर्वी या मुळीचे नाव एका गुप्त औषधाशी जोडले गेले. युन्नानमधीलच छ्यू ह्वानचांग या जखमा बऱ्या करणाऱ्या वैद्याने १९०२ साली एक चूर्ण सिद्ध केले. तेच पुढे 'युन्नान बाययाओ', म्हणजे युन्नानचे पांढरे औषध, म्हणून प्रसिद्धीस आले. सान-ची हा त्याचा प्रमुख घटक. चिमुकल्या शिशीत चूर्ण आणि सोबत एकच लाल गोळी. ती जिवावरच्या प्रसंगी घ्यावयाची. १९३८ साली जपान्यांशी लढावयास गेलेल्या युन्नानी फौजेजवळ हे औषध होते. कृती मात्र घराबाहेर गेली नाही. ती मिळविण्यासाठी छ्यूवर दडपण आले, असे सांगतात. त्याच वर्षी चोंगछिंग येथे त्याचा अंत झाला. १९५५ साली त्याची पत्नी म्याव लानयिंग हिने कृती सरकारच्या स्वाधीन केली, आणि सरकारनेही ती गुपित म्हणूनच राखली. गुपिताचा धनी बदलला, इतकेच! आपल्याकडील कित्येक झाडपाल्याच्या औषधांची कृती जाणत्या म्हाताऱ्याबरोबरच जाते. त्या मानाने हिचे नशीब बरे म्हणावयाचे.

मुळीचे कोडे मात्र रसायनशास्त्राने बरेचसे सोडविले आहे. तिच्यात डेन्सिचिन नावाचे एक अमिनो आम्ल असते, ते रक्तस्राव थांबण्यास साहाय्य करते. उलट, तिच्यातीलच सॅपोनिन द्रव्ये रक्त साकळण्यास विरोध करतात. त्यांपासून केलेली औषधे चीनमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या रोग्यांना देतात. उष्णतेने डेन्सिचिन कमी होते. तेव्हा कच्ची मुळी रक्तासाठी आणि उकडलेली शक्तीसाठी, हा जुना पाठ निराधार नव्हता. आणखी एक नवल पाहा. विदर्भात जिला लाखोळी आणि मध्य प्रदेशात तिवडा म्हणतात, त्या डाळीतही हेच आम्ल आहे. १९६४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील राव, अडिगा आणि शर्मा यांनी ते तिच्या बियांतून वेगळे काढले. दुष्काळात महिनोन्महिने ही डाळ खाऊन पाय लुळे पडतात, त्यामागे हेच द्रव्य असल्याचे मानतात.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी युन्नान बाययाओ घेतलेल्या रोग्यांचे रक्त इतरांपेक्षा कमी गेले. हे आशादायक खरे. पण हिमोफिलियाची गोष्ट निराळी. तेथे रक्त गोठविणारा एक घटकच जन्मतः उणा असतो. तो घटक, किंवा त्याचे काम करणारे औषध, बाहेरून द्यावे लागते. ही उणीव सान-चीने भरून निघत नाही. शिवाय रक्ताला दोन्ही दिशांनी ओढणारी मुळी अशा मुलाला घरच्या घरी देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय.

गुपिताची किंमतही पुढे कळून आली. २०१३ साली हाँगकाँगच्या आरोग्य खात्याला युन्नान बाययाओमध्ये बचनागाच्या जातीतील विषारी द्रव्ये आढळली आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. चीनमधील वेष्टनावर त्या वनस्पतीचे नाव २०१४ साली छापले गेले, म्हणजे छ्यूने चूर्ण सिद्ध केल्यानंतर ११२ वर्षांनी.