एकाहत्तराव्या वर्षी जग बघायला निघालेले मास्तर

महर्षी कर्व्यांवर आपण सगळ्यांनीच शाळेत निबंध लिहिलाय. हिंगण्याची झोपडी, पुनर्विवाह, एकशे चार वर्षांचं आयुष्य आणि भारतरत्न. एवढं आलं की निबंध पुरा! मुलांच्या वह्यांत मी तो कितीदा तपासला असेल, त्याची गणती नाही. पण त्यात एक गोष्ट सहसा नसते. ती म्हणजे अण्णांचा जगप्रवास. आज त्याबद्दल चार शब्द.

मार्च १९२९ मध्ये अण्णा इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांना एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. फर्ग्युसन कॉलेजातून गणिताचे प्राध्यापक म्हणून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. या वयात आपण गुडघ्यांची तक्रार करत नातवंडांकडे जातो. हे गृहस्थ लंडन, जिनिव्हा, अमेरिका आणि टोकियो करून एप्रिल १९३० मध्ये परतले!

तशी परक्या शहरात जायची त्यांना लहानपणापासूनची सवय. मुरूडचा हा मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेला होता. शंभराहून अधिक मैल! आणि तिथे पोचल्यावर काय, तर ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मोठ्या गावाची ही त्यांची पहिली ओळख. दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. अण्णांनी पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली.

आता १९२९ सालाकडे येऊ. त्या काळी हिंदी माणसाने लंडनमध्ये स्त्रीशिक्षणावर बोलणं सोपं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झालं होतं. बालविवाह, बाळंतपणातले हाल, विधवांची दैना हे सगळं त्यात होतं. पण सूर असा, की हे लोक स्वतःचं घर सावरायला लायकच नाहीत. पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत खूप वाचलं गेलं. आपल्याकडे संतापाची लाट उठली. गांधीजींनी त्याला गटारं तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. पण हिंदी माणसाने त्यातून काही शिकावं, असंही सांगितलं.

अशा वेळी परक्या शहरात जाऊन काय सांगायचं? ‘आमच्याकडे असं काही नाहीच’ म्हणावं, तर ते खोटं. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या लोकांनी ज्याला वाळीत टाकलं, त्या माणसाच्या तोंडून तर ते निघणंच शक्य नव्हतं. आणि घरची दुःखं परक्यांपुढे मांडून कीव मिळवावी, तर तेही लाजिरवाणं.

अण्णांच्या भाषणांचे विषय बघा. माल्व्हर्नच्या प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला हजेरी लावून त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ‘हिंदुस्थानातील स्त्रियांचं शिक्षण’ या विषयावर भाषण दिलं. (पुढे १९४० मध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तो हाच कॅक्स्टन हॉल.) मग जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत विषय होता ‘स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदी प्रयोग’. या ‘प्रयोग’ शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. गणिताच्या मास्तरांचाच शब्द तो! त्यात बढाई नाही आणि रडगाणंही नाही. आम्ही हे करून बघतो आहोत, तुम्हीही बघा, एवढंच. त्यांच्या विद्यापीठाला तेव्हा सरकारची मान्यतासुद्धा नव्हती. कायद्याने ती १९५१ मध्ये मिळाली.

ऑगस्टमध्ये ते डेन्मार्कच्या एल्सिनोरला शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याला गेले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं हे गाव. त्याच गावात, त्याच महिन्यात मॉंटेसरीबाईंची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढे अमेरिकेचा दौरा. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. संस्थेसाठी चार पैसे मागायला याहून वाईट हंगाम शोधून सापडला नसता!

पण मला सगळ्यात भावतो तो टोकियोचा मुक्काम. १९१५ मध्ये तिथल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली होती. त्या वर्षी डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये पाच मुलींवर कॉलेज सुरू केलं. जे न बघता उभारलं, त्याचं मूळ त्यांनी पाहिलं ते जवळजवळ पंधरा वर्षांनी. ते टोकियोचं विद्यापीठ १९०१ मध्ये काढणारे जिंझो नारुसे हेही शिक्षकच, आणि त्यांनीही त्याआधी अमेरिकेत जाऊन स्त्रीशिक्षणाचा अभ्यास केला होता. म्हणजे अमेरिकेतलं बी टोकियोत रुजलं, आणि टोकियोचं पुण्यात!

नुसती नक्कल केली असती तर ते टिकलं नसतं. मातृभाषेतून शिक्षण आणि जोडीला इंग्रजी ही अण्णांची मांडणी आपल्या मुलींकडे बघून केलेली होती. त्यातली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. मुलींना घर सांभाळायचं आहे म्हणून त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, हा विचार जपानमध्ये होता आणि आपल्याकडेही आला. गृहव्यवस्था मुलग्यांना का नको? माझ्या वर्गातल्या किती मुलींचं गणित ‘तुला काय करायचंय’ म्हणून सुटलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हेही खरं, की ज्या घरांतून मुलगी मुलग्यांच्या कॉलेजात कधीच गेली नसती, तिथून ती या कॉलेजात गेली. मोठी माणसं आपल्या काळाच्या दोन पावलं पुढे असतात. दहा पावलं पुढे असावीत असा हट्ट आपण धरू नये. उरलेली आठ आपली.

परत येऊन आठ महिने होतात न होतात तोच डिसेंबर १९३० मध्ये अण्णा आफ्रिकेला निघाले. मोंबासात त्यांचे चिरंजीव डॉ. शंकर कर्वे डॉक्टरी करत. पण अण्णा मुलाकडे विसावा घ्यायला थोडेच गेले होते! केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने ते आपल्या कामाची माहिती देत फिरले.

हल्ली आपल्यापैकी बरेच जण मुलांकडे परदेशी जातात, तिथली शहरं बघतात, फोटो पाठवतात. जरूर पाठवा, मला आवडतात. पण तिथल्या शेजाऱ्याने तुमच्या गावाबद्दल काही विचारलं, तर तुम्ही काय सांगता, तेही कधी लिहा. आणि आपल्या घराण्यातली कुणी आजी, आत्या, मावशी हिंगण्याला शिकली असेल, तर तिची आठवण कळवा. ती निघून जाण्याआधी लिहून ठेवायला हवी.