दांपत्याचा वाचनसंवाद

मराठी कादंबरीविषयक अभिरुचीचा इतिहास छापील परीक्षणांवरून मांडला जातो. पतिपत्नींनी घरात केलेली कादंबऱ्यांची चर्चा त्यात येत नाही. काशीबाई कानिटकरांचे (१८६१–१९४८) आत्मचरित्र या दृष्टीने वाचावयास हवे. गोविंदरावांना सुशिक्षित पत्नी हवी होती. काशीबाई लग्नानंतर शिकल्या. संवाद अर्थातच विषम होता : इंग्रजी पतीकडे, ग्रंथांची निवडही बहुधा त्यांचीच. (या घरचे स्नेही हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्येही रघुनाथरावच यमूला शिकवितात.) परंतु कादंबरीतला सासुरवास खरा की बेतलेला, हे ठरविण्याचा अधिकार अनुभवाने काशीबाईंपाशी होता. ‘रंगराव’ (१९०३) ही कादंबरी केवळ पतीच्या संस्काराचे फळ मानणारी समीक्षा नेमका हा अधिकार नाकारते.