तलवारीच्या पात्यावर दिसणाऱ्या लाटा नेमक्या कशाच्या? वूट्झ, कताना आणि लेझरची नक्षी यांतला फरक

दर काही दिवसांनी एक रील फिरत येतेच. कुणाच्या तरी माळ्यावर तलवार सापडलेली असते, पात्यावर पाण्यासारख्या लाटा दिसत असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘अस्सल दमास्कस, किंमत कोटींमध्ये’. पुढच्याच रीलमध्ये तश्शीच नक्षी असलेला सुरा ऑनलाइन सेलमध्ये विकायला असतो. नक्षी दोन्हीकडे आहे, मग फरक काय? तर फरक नक्षी कुठून आली यात आहे. पोलादाच्या पोटातून आली, घडीतून आली, पाणी देताना आली, की वरून कोरली?

‘पाणी देणं’ हा शब्द आपल्याला नवा नाही. नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या एमआयडीसीतला कामगार छिन्नीला पाणी देतो, घिसाडी कोयत्याला देतो. लालबुंद तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की धार कडक होते. जपानी तलवारीवरची सगळ्यात प्रसिद्ध खूण याच क्रियेतून उमटते.

आधी जपानी तलवार पाहू. तिचं पोलाद लोखंडी वाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत जाळून मिळतं. ते सगळीकडे सारखं नसतं, म्हणून लोहार ते ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. दहा घड्या घातल्या की हजाराहून जास्त थर होतात. पॉलिश केल्यावर हे थर लाकडाच्या रेषांसारखे दिसतात, त्याला ‘हादा’ म्हणतात. उभ्या फळीसारख्या सरळ रेषा असतील तर ‘मासामे’, आडव्या कापलेल्या फळीसारख्या वेड्यावाकड्या असतील तर ‘इतामे’, आणि गाठींसारखी वर्तुळं असतील तर ‘मोकुमे’.

मग येते धारेजवळची पांढरट लाट, ‘हामोन’. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. धार झटकन थंड होते आणि कडक होते, पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. या दोन भागांची सीमारेषा म्हणजे हामोन. तिच्यात सुट्या डोळ्यांनी दिसणारे चमकते कण असतील तर त्यांना ‘निए’ म्हणतात. कण इतके बारीक असतील की नुसतं धुकं वाटावं, तर ‘निओई’. कडक झालेली धार किंचित फुगते, त्यामुळे पाणी देतानाच पात्याला बाक येतो.

नवख्या माणसाला चक्रावून टाकणाऱ्या खुणा मात्र वेगळ्याच. पात्याच्या अंगावर काळसर चमकत्या रेघा दिसल्या तर त्या ‘चिकेई’. तशाच रेघा हामोनच्या आत सोनेरी झाक घेऊन आल्या तर ‘किनसुजी’. हामोन आणि पाठ यांच्या मधल्या अंगावर हामोनचं धूसर प्रतिबिंब पडल्यासारखं दिसतं ते ‘उत्सुरी’, आणि ते बिझेन प्रांताच्या जुन्या तलवारींची ओळख मानलं जातं. अनेकांना हे डाग वाटतात, आणि डाग समजून कुणी ते घासायला गेलं की खेळ खलास.

खरे दोषही असतात. थर नीट सांधला गेला नाही तर पापुद्र्यासारखा फुगा येतो. वरचं पोलाद वारंवार पॉलिश करून झिजलं की आतलं मऊ लोखंड मातकट चट्ट्यासारखं डोकावतं. पण सगळ्यात वाईट खूण म्हणजे धारेला काटकोनात गेलेली केसाएवढी चीर, ‘हागिरे’. ती असली की जपानी जाणकारांच्या लेखी शस्त्र म्हणून त्या तलवारीचं आयुष्य संपलं. गंमत म्हणजे ही चीर फोटोत जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे फोटोवरून किंमत सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता आपल्याकडचं बघू. भारतीय जौहरदार पात्यावरची नक्षी घडीची नाही. हे वूट्झ पोलाद. लोखंडाचे तुकडे लाकूड-पाल्यासह मातीच्या मुशीत बंद करून वितळवायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचे. तयार गोळ्यात साधारण दीड टक्का कार्बन असतो. तो गोळा जपून, फार न तापवता ठोकला की लोह-कार्बाइडचे कडक पांढरे कण ओळींनी मांडले जातात आणि मधला भाग गडद राहतो. हेच ते ‘पाणी’. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी प्रयोगांतून दाखवलं, की या ओळी जुळून येण्यामागे व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी किंचित अंश कारणीभूत असतो. जास्त तापवलं तर नक्षी विरघळून जाते. युरोपातल्या लोहारांना भरपूर तापवून ठोकायची सवय होती, त्यामुळे हे पोलाद त्यांच्या हातात फुटायचं.

या गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे. 1794 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला आणि ‘वूट्झ’ हा शब्द तिथल्या विज्ञानात रुळला. तो कानडी ‘उक्कु’वरून आला असावा असं बहुतेक मानतात. पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेनेही विजेकडे वळण्याआधी याच पोलादावर डोकं लावलं होतं. हे पोलाद बनायचं त्यातलं एक नावाजलेलं गाव म्हणजे कोनासमुद्रम. ते आज तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारी आहे. तिथून माल घ्यायला इराणी व्यापारी येत असत.

मग मराठ्यांच्या सगळ्या तलवारींवर जौहर असतो का? नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. मराठा सरदारांना युरोपियन पात्यांचं आकर्षण होतं. मूठ इथली, पातं तिकडचं, अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाख रुपयांना परत आणली. तिचं पातं युरोपियन बनावटीचं आहे, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात कोरलेल्या देवनागरी लेखातच ‘फिरंग’ हा शब्द आहे. अशा पात्यावर लाटा शोधून उपयोग नाही. तिथे बघायच्या लांब खोबणी आणि ठसे, जसा पासाऊ आणि झोलिंगेनचा धावता लांडगा, किंवा जिनोव्हाच्या पापणीसारख्या दातेरी चंद्रकोरी. अर्थात या ठशांची नक्कल आपल्या कारागिरांनीही बिनधास्त केली, त्यामुळे ठसा दिसला म्हणून पातं परदेशी ठरत नाही.

उलटही होतं. जौहरदार पातं अगदी कोरं दिसू शकतं, कारण वर्षानुवर्षं घासून नक्षी पुसली गेलेली असते. ती पोलादात शाबूत असते आणि जाणकार संवर्धक ती पुन्हा वर आणू शकतो. लेझरने कोरलेली नक्षी मात्र घासली की कायमची जाते. बनावट ओळखायला पात्याची पाठ बघा. खरी नक्षी पाठीवरूनही पुढे जाते आणि तिथे तिचं रूप बदलतं. छापलेली नक्षी कडेला अचानक थांबते, किंवा दर काही इंचांवर तीच लाट जशीच्या तशी परत येते. खोट्या हामोनचंही तसंच. ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेल्या रेषेत ना कण असतात ना धुकं, नुसता मॅट पट्टा असतो. आणि आजचं बाजारातलं खरं ‘दमास्कस’? ते बहुतेकदा निकेल असलेलं आणि नसलेलं पोलाद थरांनी सांधून बनवतात. ती फसवणूक नाही, कारागिरीच आहे. फक्त तो वूट्झ नव्हे.

तुमच्या घरात जुनी तलवार असेल, तर बघायची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा घ्या, पातं हळूहळू तिरकं करत न्या आणि घड्याळजीचं भिंग वापरा. बोट लावू नका. खाडीकाठच्या दमट हवेत घामाचा ठसा काही दिवसांत गंजाचा ठसा होतो. एमरी पेपर, चिंच, लिंबू, फेरिक क्लोराइड, यातलं काहीही नको. ग्राइंडरवर ठिणगी पाहून पोलाद ओळखायची वर्कशॉपची युक्ती भंगारासाठी ठीक आहे, इथे अजिबात नाही. भारतीय मुठीत पातं लाख ओतून बसवलेलं असतं, म्हणून मूठ तापवू नका.

1945 मध्ये शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या ताब्यात आल्या, तेव्हा एखाद्या फौजी घरात कताना निघणं अशक्य नाही. त्यातल्या बऱ्याच युद्धकाळात कारखान्यात बनलेल्या, तेलात थंड केलेल्या असतात आणि त्यांवर हादा शोधूनही सापडत नाही. मुठीत लपलेल्या शेपटीवर ठसा किंवा नाव असतं. त्या शेपटीवरचा गंज चुकूनही काढू नका. वय ठरवताना जाणकार सगळ्यात आधी तोच बघतात.

आणि हो, नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र अधिनियम 1959 च्या कक्षेत येते आणि अधिसूचित भागात तिला परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू कायदा 1972 नुसार परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे रील टाकण्याआधी पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी करा, आणि पातं दाखवायचं असेल तर संग्रहालयातल्या माणसाला दाखवा.