बर्गेनची वखार

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन बंदरात प्रवाशाची दृष्टी प्रथम खिळते ती पाण्याच्या काठाने दाटीवाटीने उभ्या असलेल्या लाकडी घरांच्या रांगेवर. तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची, त्रिकोणी माथ्यांची ही घरे थोडीबहुत कललेली आहेत. जणू वार्धक्यामुळे एकमेकांच्या आधाराने उभी. मागे डोंगर आणि माथ्यावर बहुधा पाऊस. प्रवासी छायाचित्र घेतो व पुढे जातो. परंतु दोन घरांमधील अरुंद बोळात शिरले की ही रांग किती खोलवर पसरली आहे हे कळते. ही संसारी माणसांची घरे नव्हेत; ही वखार आहे. सुरतेच्या वखारींचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला तिची ओळख पटावयास वेळ लागू नये.

राजा ओलाफ कीर्रे याने १०७० च्या सुमारास हे शहर वसविले अशी परंपरा आहे. तेराव्या शतकात बर्गेन हे नॉर्वेच्या राजांचे प्रमुख नगर होते. हॉकोन राजाने बांधलेल्या दगडी सभागृहात १२६१ मध्ये युवराज माग्नुसचा विवाहसोहळा झाला. ते सभागृह आजही बंदराच्या मुखाशी उभे आहे. परंतु राजवाडा दगडाचा असला तरी राज्याचे पोट परक्याच्या हाती होते. या डोंगराळ देशात धान्य पुरेसे पिकत नसे. पिकत होते ते समुद्रात. उत्तरेकडील लोफोटेन बेटांपाशी हिवाळ्यात कॉड मासा येतो. तो मीठ न लावता लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात वाळविला की लाकडासारखा कडक होतो व वर्षानुवर्षे टिकतो. कॅथॉलिक युरोपात उपवासाला मांस वर्ज्य, पण मासा चालत असे. आपल्या उपवासाहून हा उपवास निराळा, आणि त्याच्यावरच बर्गेनचे वैभव उभे राहिले!

हा मासा घेऊन धान्य देणारे व्यापारी होते हान्सा संघातील उत्तर जर्मन नगरांचे, त्यांत ल्यूबेक अग्रेसर. १२८४ मध्ये नॉर्वेच्या राजसत्तेशी बिनसताच या नगरांनी धान्याची जहाजे रोखली आणि पुढच्याच वर्षी राजाला नमते घ्यावे लागले. १३४९ मध्ये प्लेगची साथ येऊन देश आणखी दुबळा झाला. १३६० च्या सुमारास बर्गेनमध्ये हान्साची कायमची वखार स्थापन झाली. लंडन, ब्रूज आणि नोव्हगोरोद येथील वखारींच्या बरोबरीने ती संघाच्या चार मोठ्या वखारींपैकी एक गणली गेली. उत्तरेकडील कोळ्यांना धान्य उधार द्यावयाचे आणि पुढील हंगामाचा मासा आधीच बांधून घ्यावयाचा, हा तिचा व्यवहार. सावकारी ज्याने पाहिली आहे, त्याला याहून अधिक सांगावयास नको.

तथापि वखारीतले जिणेही सुखाचे नव्हते. व्यापारी, कारकून आणि शिकाऊ पोरे या सर्वांना अविवाहित राहावे लागे. लाकडी घरांना आग लागू नये म्हणून उत्तरेच्या त्या हिवाळ्यातही राहत्या जागेत विस्तव पेटविण्यास मनाई होती. ऊब आणि ऊन अन्न यांसाठी मागील बाजूच्या सामाईक दालनांत जावे लागे. कायदा त्यांचा स्वतःचा. १४०८ पासून जवळचे मेरीचे चर्चही त्यांचेच. मराठी मुलुखाबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपणांस हे वाचताना विचार पडतो. आपली भाषा व आपले देव जपावेत हे आपणही जाणतो. पण तंजावर काय किंवा बडोदे काय, आपण जेथे गेलो तेथे चूल मांडली. बर्गेनच्या वखारीने माणसे आणली आणि चूलच निषिद्ध ठरविली.

ही वखार १७५४ मध्ये बंद झाली. पुष्कळ जर्मन त्यापूर्वीच बर्गेनचे नागरिक होऊन गेले होते. घरेही त्या काळची राहिली नव्हती. १७०२ च्या आगीत सारे भस्मसात झाले होते. आज दिसतात ती त्यानंतर, परंतु जुन्याच आखणीवर उभारलेली. लोक या जागेला जर्मनांचा धक्का म्हणत. १९४० ते १९४५ या काळात जर्मन सैन्याने नॉर्वे व्यापला. त्यानंतर ते नाव कोणास सोसेना. ‘जर्मन’ गेले, नुसता ‘धक्का’ उरला. १९५५ मध्ये पुन्हा आग लागून रांगेचा मोठा भाग जळाला, तेव्हा उरलेली जुनाट घरेही पाडून टाकावीत असे म्हणणारे होते. परक्या सावकारांची आठवण कोणी व का जपावी?

उत्तर राखेखालून आले. पुरातत्त्वज्ञ आस्ब्यॉर्न हेर्टेग यांनी त्या जागी दीर्घकाळ उत्खनन केले. तेथे रून लिपीत कोरलेले सुमारे ६७० लेख सापडले, बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर. मालावरील मालकाची नावे, व्यापारी निरोप, प्रार्थना, थट्टा. एका काटकीवर तर गीदा नावाच्या स्त्रीने कोणाला तरी घरी येण्याचा निरोप धाडला आहे. ही लिपी केवळ स्मारकशिलांची नसून चौदाव्या शतकातही बाजारातील सामान्य माणसाच्या हाती होती, हे त्यामुळे उमगले. परक्यांच्या वखारीखाली नॉर्वेच्याच माणसांचा आवाज दडलेला होता; वरची घरे आणि खालची माती एकाच इतिहासाची पाने ठरली.

१९७९ मध्ये युनेस्कोने या धक्क्याला जागतिक वारशात स्थान दिले. इतिहास असा कोणा एकाच्या नावे करून देता येत नाही. ज्यांनी लुटले त्यांची घरे आणि ज्यांना लुटले त्यांचे शब्द एकाच जागी राहतात, आणि एक पुसू गेल्यास दुसरेही पुसले जाते. बर्गेनला जाणाऱ्याने छायाचित्र अवश्य घ्यावे. पण त्या बोळात क्षणभर थांबून गीदाचा निरोप आठवावा. ज्या वखारीत पुढे चुलीलाच मज्जाव झाला, तिच्याच पायाखाली कोणीतरी कोणाला घरी बोलावीत होते.