कमरेचा मणका सरकल्यास शस्त्रक्रिया कोणती?

कमरेतील एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकण्याच्या विकारास वैद्यकशास्त्रात स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. प्रौढांमध्ये त्याचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पन्नाशीनंतर सांधे व चकती झिजल्याने बहुधा चौथा मणका सरकतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. दुसऱ्या प्रकारात मणक्याच्या मागील कमानीला कोवळ्या वयात पडलेली चीर कारणीभूत असते आणि बहुधा पाचवा मणका सरकतो.

मणका सरकलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रियेची गरज नसते. औषधे व व्यायाम यांनी अनेकांना आराम पडतो. चालताना पायांत कळा येणे, बसल्यावर त्या थांबणे हे नसा दबल्याचे लक्षण असून, उपचारांनंतरही त्रास कायम राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत हाडाचा व अस्थिबंधाचा काही भाग काढून नसांवरील दाब दूर करतात. दुसरीत त्याबरोबरच स्क्रू व सळ्यांनी मणके स्थिर करून, हाडाचे तुकडे भरून ते कायमचे जोडतात. ही शस्त्रक्रिया अधिक वेळ चालते आणि रक्तस्रावही अधिक होतो.

झिजेमुळे सरकलेले मणके जोडणे आवश्यक आहे काय, यावर मतभेद आहेत. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जोडणीचा अधिक लाभ दिसला नाही. त्यांपैकी १३५ जणांचा मणका सरकलेला होता. त्याच वर्षीच्या अमेरिकेतील ६६ रुग्णांच्या चाचणीत मात्र पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जोडणी केलेल्यांत १४ टक्के, तर न केलेल्यांत ३४ टक्के होते. नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतील सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांना लक्षणीय आराम पडला होता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांनी वेगळी भूमिका मांडली आहे. कण्याची अस्थिरता हेच झिजेच्या विकारांचे मूळ असल्याने मणके स्थिर करणे हाच मुख्य उपचार होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

त्यामुळे मणका हालचालीबरोबर किती सरकतो, त्रास पायांत अधिक आहे की कमरेत, आणि जोडणी सुचविली असल्यास ती कशासाठी, हे रुग्णाने शल्यविशारदांना विचारून घेणे हिताचे ठरते. मात्र लघवी वा शौचावरील नियंत्रण सुटल्यास किंवा बैठकीचा भाग बधिर झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.